अडखळत बोलणाऱ्यांचा रविवार : गट उभारणीच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२४

नाशिकमध्ये अडखळत बोलणाऱ्या प्रौढांचा एक स्वमदत गट सुरू करण्याचे ठरवले, त्याला आज तीन आठवडे झाले. एका सार्वजनिक ग्रंथालयाची मागची खोली एक रविवार आड, सकाळी दहा ते साडेअकरा या वेळेत वापरायला मिळाली आहे. खोलीत दोन सतरंज्या, दहा-बारा खुर्च्या आणि भिंतीवर एक बंद पडलेले घड्याळ आहे. ते दुरुस्त करून देण्याची तयारी ग्रंथपालांनी दाखवली होती, पण मी ते तसेच राहू द्यावे असे सुचवले, कारण वेळेची घाई हा आमच्यापैकी बहुतेकांचा जुना शत्रू आहे.

पहिली चूक लगेचच लक्षात आली. ग्रंथालयात, दोन महाविद्यालयांत आणि ओळखीच्या दवाखान्यांत जी पत्रके लावली, त्यांवर ‘अधिक माहितीसाठी फोन करा’ असे लिहून मी माझा क्रमांक दिला होता. आठवडाभर एकही फोन आला नाही. ज्यांना समोरचा माणूस दिसत नसताना ‘हॅलो’च्या पुढचा पहिला शब्द काढणे सर्वांत अवघड जाते, त्यांनाच मी फोन करायला सांगत होतो. मी स्वतः चाळीस वर्षे अडखळत बोलत आलो आहे, तरीही पत्रक लिहिताना हे मला सुचले नाही, याचे अजून आश्चर्य वाटते. पत्रके बदलून ‘फक्त मेसेज करा, फोन करण्याची गरज नाही’ अशी ओळ घातली. त्यानंतरच्या पाच दिवसांत नऊ मेसेज आले, आणि त्यांतील सहा रात्री अकरानंतरचे होते.

प्रौढांमध्ये साधारण शंभरात एक जण अडखळतो असे मानले जाते. २०११च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास होती, म्हणजे या शहरात आमच्यासारखे काही हजार लोक असले पाहिजेत. माझ्या आजवरच्या आयुष्यात मला त्यांतले तिघे भेटले. बाकीचे लपण्यात माझ्यापेक्षा हुशार असावेत.

११ फेब्रुवारी २०२४

पहिली बैठक झाली. पाच जण आत आले आणि एक जण बाहेर वर्तमानपत्र वाचत बसून शेवटी निघून गेला. आलेल्यांत निवृत्तीला दोन वर्षे उरलेले एक बँक कर्मचारी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी, औषधांच्या दुकानात काम करणारा एक तरुण, एक शेतकरी आणि एक संगणक अभियंता होते.

सुरुवात प्रत्येकाने आपले नाव सांगण्याने केली, आणि बैठक संपल्यावर घरी येताना तीही चूकच झाली असे वाटले. अडखळणारा माणूस लहानपणापासून शब्दांची अदलाबदल करण्यात तरबेज झालेला असतो. ‘पाणी’वर जीभ अडणार असे दिसले की तो ‘तहान लागली’ म्हणतो, ‘मंगळवार’ येत नसेल तर ‘परवा’ म्हणून वेळ मारून नेतो. नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो. त्यामुळे आमच्यापैकी अनेकांना जगातला सर्वांत अवघड शब्द स्वतःचे नावच असते, आणि मी दाराशीच तो उंबरा ठेवला. शेतकरी दादांना नाव सांगायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ खोलीत कोणीही खाली पाहिले नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो.

२५ फेब्रुवारी २०२४

आज नियम ठरले. माझ्या वहीत मी चौदा लिहून नेले होते, त्यांतले चार उरले. पहिला नियम असा की समोरच्याचे वाक्य किंवा शब्द कोणीही पूर्ण करायचा नाही, तो शब्द आपल्याला कळला असला तरी. दुसरा असा की ‘हळू बोल’, ‘दीर्घ श्वास घे’, ‘टेन्शन घेऊ नकोस’ यांपैकी काहीही म्हणायचे नाही. तिसरा असा की येथे ऐकलेले बाहेर जाणार नाही. चौथा अभियंत्याने सुचवला आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : गप्प बसण्याची पूर्ण मुभा असेल, आणि कोणी गप्प बसला तर त्याला नंतर कारण विचारायचे नाही.

दुसऱ्या नियमावर थोडा वाद झाला, कारण हे सल्ले देणारे लोक बहुधा आपल्या प्रेमाचेच असतात. विद्यार्थी म्हणाला की त्याची आई गेली पंधरा वर्षे रोज ‘सावकाश’ म्हणते, आणि तो शब्द ऐकला की त्याचा घसा आणखी आवळतो. हे बहुतेकांच्या अनुभवाला धरून आहे. ब्लॉक लागतो तेव्हा काय बोलायचे ते पूर्ण ठाऊक असते, फक्त आवाजाची वाट बंद होते, आणि त्या क्षणी मिळालेली सूचना ही आपले अडखळणे समोरच्याला खुपते आहे याची पावती ठरते.

ग्रंथालयाचे शिपाई मामा चहा घेऊन आत आले आणि त्यांनी बँकेतल्या काकांचे वाक्य मोठ्या आपुलकीने पूर्ण करून टाकले. नियम मामांनाही सांगितला. ते ओशाळले आणि पटकन बाहेर गेले. सांगण्याची माझी पद्धत चुकली असावी.

१० मार्च २०२४

गटाचे नाव काय ठेवायचे यावर दीड तास गेला आणि नाव ठरले नाही, तरीही ही आतापर्यंतची सर्वांत मोकळी बैठक झाली. मराठीत या गोष्टीला शब्द भरपूर आहेत. ‘चाचरत बोलणे’ आहे, ‘अडखळणे’ आहे, ‘ततपप होणे’ आहे, आणि वर्गातल्या मुलांचा आवडता ‘तोतरा’ आहे. ‘बोबडा’ हा शब्दही लोक सरसकट वापरतात, पण बोबडेपणा वेगळा, त्यात उच्चार बदलतो आणि प्रवाह अडत नाही. बहुतेकांना ‘तोतरा’ हा शब्द नको होता. काका एकटेच म्हणाले की त्यांना तोच हवा, कारण तो शब्द लोकांच्या तोंडून ऐकण्यात त्यांची पंचावन्न वर्षे गेली असून आता एकदा तो स्वतःच्या तोंडून ऐकायचा आहे. त्यांना तो उच्चारायला तीन प्रयत्न लागले. सगळे हसले आणि काकाही हसले.

पत्रकावर ‘अडखळत बोलणाऱ्यांचा गट’ एवढेच राहू दिले आहे. काका खोलीत आपला शब्द वापरतील, असे ठरले.

२४ मार्च २०२४

उपस्थिती नऊ. आज होळी असूनही इतके जण आले. विद्यार्थी महाविद्यालयातल्या एका सादरीकरणाबद्दल सात-आठ मिनिटे बोलला आणि एकदाही अडखळला नाही. सगळ्यांनी उत्स्फूर्तपणे टाळ्या वाजवल्या. प्रकल्प मार्गी लागला आहे असे वाटते.

७ एप्रिल २०२४

उपस्थिती सहा. आजही दोघांसाठी टाळ्या झाल्या.

२१ एप्रिल २०२४

उपस्थिती चार. काका आले नाहीत, शेतकरी दादा आले नाहीत, आणि ज्याच्यासाठी पहिल्यांदा टाळ्या वाजल्या तो विद्यार्थीही आला नाही. उन्हाळा, परीक्षा, लग्नसराई अशी कारणे मी वहीत लिहिली होती. रात्री काकांचा लांबलचक मेसेज आला आणि ती सगळी कारणे खोडावी लागली. त्यांची परवानगी घेऊन त्याचा आशय येथे देतो.

काकांनी लिहिले की मार्चमधल्या टाळ्यांनंतर त्यांना ती खोली शाळेसारखी वाटू लागली. न अडखळणाऱ्याला टाळ्या मिळत असतील, तर अडखळणाऱ्याला काय मिळाले हे कोणी सांगण्याची गरज उरत नाही. त्यानंतरच्या बैठकीत ते बोलण्याआधी मनात वाक्ये जुळवत बसले, अवघड शब्द टाळत राहिले आणि घरी गेल्यावर थकून झोपले. म्हणजे जे बँकेच्या काउंटरवर आठवडाभर करायचे, तेच रविवारी आमच्याकडे येऊन केले. विद्यार्थ्याला मी मेसेज केला तेव्हा त्याचे उत्तर आणखी बोचले. एकदा टाळ्या मिळाल्यावर पुढच्या वेळी अडखळलो तर सगळ्यांची निराशा होईल, या भीतीने तो येत नव्हता.

या संदर्भात एक जुना प्रयोग आठवला. १९३९ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्टच्या अनाथालयातील २२ मुलांवर संशोधन केले. त्यांतील नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुमच्या बोलण्यात दोष आहे, अडखळू नका’ असे पुन्हा पुन्हा सांगण्यात आले. ती मुले खरोखर अडखळू लागली की नाही यावर पुढे बराच वाद झाला, पण ती बोलायला बिचकू लागली आणि गप्प होऊ लागली, हे नोंदींमधून दिसते. विद्यापीठाने २००१ मध्ये या प्रयोगाबद्दल माफी मागितली. जॉन्सन स्वतः अडखळत बोलत असत, हे त्यातले मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाक्य आहे. आमच्या टाळ्यांची त्या क्रौर्याशी बरोबरी करायची नाही, पण बोलणाऱ्याचे लक्ष बोलण्यावरून उचलून अडखळण्यावर नेऊन ठेवण्याचे काम आमच्या टाळ्यांनीही केले.

५ मे २०२४

टाळ्या बंद. त्याऐवजी दुसरा रिवाज सुरू केला आहे. शेवटच्या अर्ध्या तासात ज्याची इच्छा असेल त्याने गेल्या पंधरवड्यात आपण कोठे लपलो ते सांगायचे. सुरुवात मी केली : दुचाकीच्या दुकानात मला ‘ब्रेक’ म्हणायचे होते आणि मी बोटाने दाखवून काम भागवले.

१९ मे २०२४

उद्याच्या मतदानामुळे ग्रंथालय बंद होते, म्हणून बैठक माझ्या गच्चीवर भरली. उपस्थिती सात. काका परत आले.

लपण्याच्या गोष्टी ऐकताना हसू येते आणि मग पोटात कालवते. शेतकरी दादांचे गाव पिंपळगावच्या पुढे आत आहे. एसटीत कंडक्टर समोर उभा राहिला की त्यांच्या तोंडून ‘पिंपळगाव’ निघत नाही, ‘चांदवड’ मात्र सहज निघते. त्यामुळे ते वर्षानुवर्षे चांदवडचे तिकीट काढून पिंपळगावला उतरत आले आहेत. जादा गेलेल्या पैशांचा हिशेब त्यांनी कधी केला नाही, आणि अभियंत्याने मोबाइल काढून तो करायला घेतला तेव्हा त्यांनीच थांबवले.

मग औषधांच्या दुकानातला तरुण बोलू लागला. तो फेब्रुवारीपासून सात बैठकांना आला होता आणि आम्ही त्याला ज्या नावाने हाक मारत होतो ते त्याचे नाव नव्हते. पहिल्या दिवशी आपल्या खऱ्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर जीभ अडली, म्हणून त्याने जिभेवर आले ते सोपे नाव सांगितले आणि नंतर ते दुरुस्त करण्याची वेळ प्रत्येक रविवारी एकेक रविवारने पुढे गेली. आज त्याने खरे नाव सांगितले. किती वेळ लागला ते माहीत नाही. घड्याळ येथेही नव्हते.

जोसेफ शीहान या मानसशास्त्रज्ञाने अडखळण्याला हिमनगाची उपमा दिली होती : पाण्यावर दिसते ती नुसती अडखळ, आणि पाण्याखालच्या कितीतरी मोठ्या भागात भीती, लाज आणि अपराधीपणा. ही उपमा मी गटाला मार्चमध्येच फळ्यावर चित्र काढून समजावली होती. तेव्हा तो तरुण पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होता.

१६ जून २०२४

एक आई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. असे पालक यापुढेही येतील, म्हणून सविस्तर नोंद ठेवतो. अडखळणे बहुतेक वेळा दोन ते पाच या वयात सुरू होते आणि त्यांतील बहुसंख्य मुलांचे ते पुढे आपोआप थांबते, पण कोणाचे थांबेल हे घरी बसून सांगता येत नाही. म्हणून लहान मुलासाठी आमचा गट हे योग्य ठिकाण नाही, त्याला स्पीच थेरपिस्टला दाखवणेच इष्ट. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची, बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तेथेही चौकशी करता येईल असे सुचवले. सासूबाई वेखंड उगाळून मधातून जिभेला लावतात, ते चालू ठेवावे का, असे त्यांनी विचारले. मुलाचे अडखळणे जिभेच्या जडपणामुळे होत नाही, मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव कशी होते याच्याशी त्याचा संबंध आहे आणि अनेक घरांत ते आनुवंशिक असते, एवढे मी सांगितले. सासूबाईंना कसे सांगायचे ते मात्र मला सुचवता आले नाही.

त्या जायला निघाल्या तेव्हा मुलगा मामांना काहीतरी सांगू लागला आणि पहिल्या अक्षरावर अडला. मामा किटली हातात धरून थांबून राहिले. मुलगा म्हणाला, ‘ब-ब-बिस्कीट.’ फेब्रुवारीपासून मामांना नियम पुन्हा सांगावा लागलेला नाही.

१४ जुलै २०२४

आषाढी तीन दिवसांवर आली आहे, म्हणून काकांच्या आग्रहाने सुरुवातीला सर्वांनी मिळून हरिपाठाचे काही अभंग म्हटले. एकही जण अडखळला नाही. हे नवल नाही. एकत्र म्हणताना आणि गाताना बहुतेकांचे अडखळणे जवळपास नाहीसे होते, हे सर्वत्र आढळते, आणि आमच्यापैकी प्रत्येकाला लहानपणी आरतीच्या वेळी हा अनुभव आलेला आहे. विद्यार्थ्याने विचारले की मग रोज असेच म्हणत राहिलो तर बरे होऊ का. तसे होत नाही, एकट्याने बोलायला उभे राहिले की जुनी वाट समोर येते. तरी सुरुवातीला दहा मिनिटे एकत्र म्हणण्याचा प्रघात ठेवावा असे सर्वांचे मत पडले. कारण विचारल्यावर शेतकरी दादा म्हणाले, ‘ब-बरं वाटतं म्हणून.’ तेवढे कारण मला पुरेसे वाटले.

आज प्रथमच एक स्त्री आली. प्रौढांत अडखळणाऱ्या पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या साधारण चौपट असते, पण आमच्याकडे पाच महिन्यांत एकही स्त्री न येण्याचे कारण केवळ हे प्रमाण असू शकत नाही. ताईंनी सांगितले की लग्न ठरवताना आईने त्यांना शक्यतो कमी बोलायला बजावले होते, सासरी सगळे त्यांना मितभाषी समजतात आणि कौतुकही करतात. त्या येथे येतात हे घरी माहीत नाही, ग्रंथालयात पुस्तके बदलायला जाते असे त्या सांगून येतात. म्हणून जाताना त्यांनी खरोखर एक पुस्तक घेतले. गटातल्या कोणीही रस्त्यात भेटल्यास आपण होऊन ओळख दाखवू नये, असे सर्वांनी मान्य केले. ही सूचना पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

२५ ऑगस्ट २०२४

आज बैठक रस्त्यावर झाली. वाचा-उपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांनी आपल्या उपचारपद्धतीत मुद्दाम अडखळण्याचा सराव वापरला होता. ज्याची भीती वाटते ते आपल्या मर्जीने, आपण निवडलेल्या जागी केले की भीतीचा जोर ओसरतो, असा त्यामागचा विचार. देहरादूनहून सुरू झालेल्या द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनच्या गटांतही हा सराव होतो. आम्ही दोघादोघांच्या जोड्या केल्या, मेन रोडच्या बाजूला गेलो आणि प्रत्येकाने पाच अनोळखी लोकांना मुद्दाम अडखळत काहीतरी विचारायचे ठरले.

एका फळवाल्याने सफरचंदाचा भाव सांगून वर विचारले, ‘काय, घाबरलात की काय?’ दोन शाळकरी मुलींनी हसून तोंड फिरवले. बाकी जवळजवळ सर्वांनी निमूटपणे उत्तर दिले आणि आपल्या कामाला लागले. अभियंता काहीसा हिरमुसला होता, कारण तीस वर्षे ज्या उपहासाची त्याने तयारी केली होती तो त्याला कोणी दिलाच नाही. ताई आल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी हा प्रयोग धोक्याचा आहे आणि त्यांना तसा आग्रह कोणी करू नये, हे मी वेगळे लिहून ठेवतो. प्रत्येकाचे धाडस एकाच मापाने मोजले की आपण पुन्हा टाळ्यांपाशी येतो.

शेतकरी दादा जुन्या सीबीएस बसस्थानकावर जाऊन चौकशीच्या खिडकीत ‘पिंपळगाव’ विचारून आले.

२२ सप्टेंबर २०२४

गणपतीमुळे आठ तारखेची बैठक झाली नव्हती. आज मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगावी लागली. ही खोली दर महिन्याला फोन करून राखून ठेवावी लागते, आणि जानेवारीपासून तो फोन माझी पत्नी करत आली आहे. मी तिच्या शेजारी बसून खाणाखुणांनी तारखा सांगतो. दर पंधरवड्याला लपण्याच्या गोष्टी सांगताना मी दुचाकीचा ब्रेक सांगितला, बँकेतला फॉर्म सांगितला, हे मात्र सांगितले नाही. ज्याने गट सुरू केला त्यानेच तेवढे राखून ठेवावे, यात अहंकाराचा भाग होता हे मान्य केले पाहिजे.

कोणी काही बोलले नाही. मग काका म्हणाले की फोन आत्ताच करा, स्पीकर चालू ठेवा. ग्रंथपाल सुट्टीच्या दिवशी घरी होते. ऑक्टोबरच्या दोन तारखा सांगायला मला चार मिनिटे लागली. ‘ऑक्टोबर’वर मी इतका अडलो की ग्रंथपालांना लाइन कट झाली असे वाटले आणि त्यांनी दोनदा ‘हॅलो’ म्हटले. तरुण माझ्याकडे पाहत होता, आणि ते पाहणे मला अवघड गेले नाही.

२० ऑक्टोबर २०२४

उपस्थिती अकरा. परवा २२ ऑक्टोबर, आंतरराष्ट्रीय अडखळण जागरूकता दिन. १९९८पासून तो पाळला जातो. एका महाविद्यालयाने आम्हाला बोलावले होते, पण त्यांच्या निमंत्रणात ‘तोतरेपणावर मात केलेल्यांची यशोगाथा’ असे शब्द होते. आमच्यापैकी कोणी मात केलेली नाही, असे कळवून आम्ही नकार दिला. विद्यार्थी त्याच्या वर्गात एकटाच बोलणार आहे.

निमंत्रकपद सहा-सहा महिन्यांनी बदलावे, हा माझा प्रस्ताव मान्य झाला. पुढचे सहा महिने औषधांच्या दुकानातला तरुण काम पाहील. ३ नोव्हेंबरला भाऊबीज असल्याने पुढची बैठक १० नोव्हेंबरला ठेवली आहे, खोलीसाठी फोन तो करणार आहे. पत्रके संपली आहेत. नव्या पत्रकाचा मजकूर त्याने लिहून आणला होता आणि त्यात एकच बदल केला होता. ‘फक्त मेसेज करा, फोन करण्याची गरज नाही’ ही ओळ काढून त्याने लिहिले होते, ‘मेसेज करा. फोन केलात तरी चालेल, आम्ही थांबू.’ खाली त्याचे पूर्ण नाव आणि क्रमांक आहे. शंभर प्रती काढायच्या ठरल्या.